रोलमागून रोल तोच पट्टा? जुना कॅमेरा परत करण्याआधी निगेटिव्हची कड वाचा

जुना फिल्म कॅमेरा घेतलाय. दुकानात शटरचा आवाज खणखणीत होता. तरीही प्रत्येक रोलमध्ये फोटोंवर नारिंगी पट्टा येतोय, किंवा फोटो काळपट येतायत. दुकानदार म्हणतो, रोल जुना असेल. लॅबवाला म्हणतो, कॅमेऱ्यात प्रकाश शिरतोय. तुम्ही रोल बदलता, लॅब बदलता, आणि पुन्हा तेच. गेल्या दोन वर्षांत ओळखीतल्या पाच-सहा जणांनी मला हेच विचारलं आणि मी स्वतःही यातून गेलोय, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतो.

माझा कॅमेरा मिनोल्टा एसआरटी १०१. १९६६ साली बाजारात आलेलं मॉडेल, कापडी पडद्याचं शटर, पूर्ण यांत्रिक. बॅटरी लागते ती फक्त प्रकाशमापकाला. पुण्यात पेठेतल्या एका जुन्या मालाच्या दुकानात मिळाला. दुकानदारानं फिल्म पुढे सरकवायची लिव्हर ओढून तीन-चार वेळा शटर मारून दाखवलं आणि म्हणाला, "ऐका आवाज, घड्याळासारखा चालतोय." आवाज खरंच छान होता. मी तेवढ्यावर पैसे मोजले. पहिला रोल सिंहगडावर आणि तुळशीबागेत संपवला. निम्म्याहून जास्त फोटोंच्या डाव्या बाजूला नारिंगी-लाल झळ आणि जवळपास सगळेच फोटो अंधारे. दुसरा रोल वेगळ्या कंपनीचा घेतला, दुसऱ्या लॅबमध्ये धुवायला टाकला. तेच. तिसराही तसाच. तीन रोल, त्यांची धुलाई आणि स्कॅन यांचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीच्या निम्म्यावर गेला.

या तिन्ही वेळा मी फक्त मोबाइलवर आलेले स्कॅन बघत होतो. निगेटिव्ह लॅबमधून आणल्याच नव्हत्या. स्कॅनर काळपट फ्रेम उजळवतो, रंग सावरतो आणि फ्रेमच्या बाहेरची कड कापून टाकतो. खरी माहिती त्या कडेवरच असते. त्यामुळे पहिलं काम हे: लॅबमध्ये जा आणि निगेटिव्ह मागून आणा. पुढच्या वेळी रोल देतानाच पाकिटावर लिहून द्या की निगेटिव्ह परत हव्यात. काही ठिकाणी महिना-दोन महिन्यांनी त्या टाकून देतात, तेव्हा वेळ लावू नका.

आता निगेटिव्हची पट्टी कडेला धरून खिडकीसमोर न्या. मागं थेट ऊन नको, पांढरं आभाळ हवं. किंवा मोबाइलवर कोरं पांढरं पान उघडून त्यावर धरा. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला वर-खाली भोकांची रांग असते, आणि भोकांच्या आजूबाजूला कंपनीचं नाव आणि फ्रेमचे आकडे छापलेले असतात. हे आकडे कारखान्यातच प्रकाशानं उमटवलेले असतात, पण दिसतात ते रोल धुतल्यावर. म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही, लॅबचा मात्र आहे. आकडे ठसठशीत, गडद आणि फ्रेम मात्र विरळ, जवळजवळ पारदर्शक, असं दिसलं तर लॅबनं काम नीट केलंय. फिल्मवर प्रकाशच कमी पडलाय. आकडेही पुसट असतील तर धुलाईत गडबड आहे, कॅमेऱ्याला दोष देऊ नका. माझ्या तिन्ही रोलांवर आकडे काळेभोर होते. दोन लॅबवाल्यांवर मी उगाच संशय घेतला होता, आणि त्यातल्या एकाला तसं बोलूनही दाखवलं होतं. नंतर जाऊन माफी मागितली.

पट्ट्याचंही उत्तर तिथंच मिळतं. निगेटिव्हवर तो पट्टा गडद दिसतो. तो फ्रेमच्या आत थांबतो की भोकांपर्यंत जातो, एवढंच बघा. लेन्समधून येणारा प्रकाश फ्रेमच्या चौकटीपुरताच फिल्मवर पडू शकतो, कारण आजूबाजूला धातूची पट्टी असते. पट्टा भोकांवरून पसरलेला असेल, भोकांच्या आकाराची सावलीही कुठं उमटली असेल, तर प्रकाश मागच्या दारातून शिरलाय. पट्टा चौकटीच्या आतच संपत असेल तर दोष पुढे आहे: शटरच्या पडद्यात, आरशाच्या खोक्यात किंवा लेन्स बसते त्या कड्यापाशी.

रंगही बोलतो. रंगीत निगेटिव्हमध्ये मागून आलेला प्रकाश आधी फिल्मच्या पाठीतून जातो आणि तांबडा रंग टिपणाऱ्या थराला पहिल्यांदा गाठतो, म्हणून फोटोत झळ नारिंगी किंवा लाल दिसते. पुढून शिरलेला प्रकाश बहुतेक वेळा पांढुरका डाग सोडतो. कॅमेऱ्यात चित्र उलटं पडतं हेही लक्षात ठेवा. फोटोच्या डावीकडे पट्टा असेल तर कॅमेरा पाठीमागून बघताना उजवी बाजू तपासायची, आणि बहुतेक एसएलआर (आत आरसा असलेल्या) कॅमेऱ्यांत दाराची बिजागरी नेमकी तिथंच असते. फोटोच्या वरच्या कडेला पट्टा असेल तर कॅमेऱ्याच्या खालच्या खाचेत बघा.

माझा पट्टा भोकांवरून गेलेला होता, डावीकडे होता आणि नारिंगी होता. म्हणजे बिजागरीजवळचा फोम. दार उघडून नखानं हलकेच दाबला तर बोटाला डांबरासारखा काळा चिकटा लागला. जपानी कॅमेऱ्यांत प्रकाश अडवायला पॉलियुरेथेनचा फोम वापरलेला असतो आणि तो काही वर्षांनी विरघळतोच, कॅमेरा वापरा नाहीतर कपाटात ठेवा. पन्नास वर्षं जुन्या कॅमेऱ्यात मूळ फोम असेल तर तो गेलेलाच आहे असं धरून चाला. यात दुकानदारानं फसवलं असं मी म्हणणार नाही, पण त्यानं दार उघडून दाखवलं नाही आणि मीही मागितलं नाही.

फोम घरी बदलता येतो. एका दुपारचं काम आहे. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल, इअरबड आणि दात कोरायच्या लाकडी काड्या आणा. सगळ्यात आधी शटरच्या पडद्यावर कागदाचा तुकडा मापानं कापून ठेवा, कारण त्या चिकट्याचा एक कण पडद्यावर पडला तर तो निघता निघत नाही आणि शटर अडकतं. कॅमेरा उताणा न धरता दार खाली लोंबेल असा धरा, म्हणजे कचरा बाहेर पडेल. काडीनं खाच थोडी-थोडी खरवडा, इअरबड बदलत राहा. माझ्या एका कॅमेऱ्याला चाळीसेक इअरबड लागले. खाच पूर्ण कोरडी झाल्यावर वरच्या आणि खालच्या अरुंद खाचांमध्ये काळी लोकर बसवा. विणकामाची साधी लोकर, तुळशीबागेत कुठंही मिळते. कडेला अगदी थोडा फेविकॉलचा ठिपका पुरतो. बिजागरीच्या बाजूला रुंद पट्टी लागते, तिथं मागून चिकट असलेलं काळं मखमली कापड किंवा पातळ फेल्ट कापून लावा. दार बंद करताना थोडं घट्ट वाटलं पाहिजे, पण जोर करून बंद करावं लागत असेल तर लोकर जाड झालीय. आरशाच्या वरच्या कडेलाही एक फोमची पट्टी असते, आरसा तिच्यावर आपटतो. तीही बदला. मात्र तिथं अल्कोहोल वापरताना फोकसच्या पडद्याला थेंबही लागू देऊ नका, ते प्लॅस्टिक आहे आणि डाग कायमचा राहतो.

पट्टा किंवा डाग चौकटीच्या आतच असेल तर काय, याचं उदाहरण माझ्या मित्राच्या झोर्की-४ चं. रशियन रेंजफाइंडर, १९५६ पासून १९७३ पर्यंत बनत होता. त्यानं तो रविवारी जुन्या बाजारात घेतला. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो तोच. त्याच्या फोटोंत धूमकेतूसारखा पांढरा ठिपका यायचा, कायम एकाच जागी, पण काही फ्रेममध्ये यायचा आणि काहींत नाही. यानंच तो गोंधळून गेला होता. आम्ही दोघांनी बसून फ्रेमच्या क्रमानं आठवलं: जे फोटो पटापट काढले ते स्वच्छ, आणि जिथं फिल्म पुढे सरकवायची चाकी फिरवून कॅमेरा गळ्यात लटकवून तो पाताळेश्वरापासून डेक्कनपर्यंत उन्हात चालत गेला, तिथं ठिपका. म्हणजे पडद्याला सुईएवढं भोक. एसएलआरमध्ये आरसा मध्ये असल्यानं लेन्समधून आलेलं ऊन पडद्यावर पडत नाही. रेंजफाइंडरला आरसा नसतो. लेन्सची टोपी काढून कॅमेरा सूर्याकडे तोंड करून राहिला की भिंगानं कागद जळावा तसा कापडी पडदा जळतो.

तपासणी सोपी आहे. अंधाऱ्या खोलीत जा, लेन्स काढा, मागचं दार काढा, आणि पुढून मोबाइलचा टॉर्च पडद्याच्या जवळ धरून मागून बघा. शटर ताणण्याआधी एकदा आणि ताणल्यानंतर एकदा, कारण पडदे दोन असतात. चांदणी चमकावी तसं भोक दिसतं. काळा कापडरंग काडीच्या टोकानं अगदी पातळ लावला, रात्रभर पडदा ताणलेला ठेवून वाळवला, काम झालं. जाड थर लावू नका, पडदा गुंडाळला जाताना तडकतो. झोर्की किंवा फेड (तसाच सोव्हिएत कॅमेरा) घेणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं: शटरचा वेग नेहमी शटर ताणल्यानंतरच बदला. आधी बदललात तर आतली यंत्रणा बिघडू शकते. दुकानात हातात घेऊन वेगाची चाकी फिरवून बघायचा मोह होतो, तेवढा आवरा.

आता दुसरा दोष, काळपट फोटो. आकडे गडद आणि फ्रेम विरळ, म्हणजे प्रकाश कमी पडला, हे कळलं होतं. पण शटर हळू चालत असेल तर उलट प्रकाश जास्त पडायला हवा. मग उरलं काय? प्रकाशमापक. एसआरटीसारखे साठ-सत्तरच्या दशकातले बरेच कॅमेरे पीएक्स ६२५ नावाच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालायचे. तिचा दाब १.३५ व्होल्ट आणि शेवटपर्यंत तेवढाच स्थिर. पाऱ्यामुळे या बॅटऱ्या बंद झाल्या. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यानं त्यांच्या विक्रीवर बंदी आली. आता त्याच आकारात मिळते ती अल्कलाइन, १.५ व्होल्टची. ती घातली की काटा हलतो, दुकानदार म्हणतो "मीटर चालू आहे", आणि आपण खूश. पण जास्त व्होल्टमुळे काटा आहे त्यापेक्षा जास्त प्रकाश दाखवतो. आपण त्याप्रमाणे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर बारीक करतो आणि फोटो अंधारा येतो. शिवाय अल्कलाइन वापरता-वापरता उतरत जाते, त्यामुळे चूकही दर महिन्याला वेगळी.

यावर उपाय कानाच्या मशिनच्या बॅटरीत आहे. ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी, साधारण १.४ व्होल्ट, श्रवणयंत्रांच्या दुकानात सहाच्या पाकिटात मिळते. व्यास लहान असल्यानं ती खोबणीत हलते. रविवार पेठेत बोहरी आळीतून मापाची रबरी ओ-रिंग आणून तिच्याभोवती बसवली की घट्ट बसते. वरचा कागद काढल्यावर दोन-तीन मिनिटं हवा लागू द्या, मग घाला. काही आठवड्यांत ती संपते, वापरा किंवा नका वापरू, म्हणून एक पाकीट घरात असू द्या. सगळ्याच जुन्या कॅमेऱ्यांना ही अडचण नसते. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकचं सर्किट असं आहे की व्होल्टच्या फरकानं वाचन बदलत नाही. झेनिट-ई ला तर बॅटरीच लागत नाही, त्याचा सेलेनियमचा मापक प्रकाशावरच चालतो. तो मेला की मात्र मेला. मापक बरोबर आहे का हे बघायला स्वच्छ उन्हात २०० आयएसओच्या फिल्मसाठी एफ/१६ (बारीक भोक) आणि १/२५० सेकंद हे गणित हाताशी ठेवा. काटा त्यापासून फार दूर सांगत असेल तर काट्यावर विश्वास ठेवू नका.

बॅटरीच्या खोबणीत हिरवट-पांढरा थर असेल तर इअरबडला थोडं व्हिनेगर लावून पुसा, मग अल्कोहोलनं. तार आतपर्यंत सडली असेल तर कारागिराकडे.

शटरचे वेग कानानं कळत नाहीत, हे मी पैसे मोजून शिकलो. एक सेकंद आणि अर्धा सेकंद कळतात, १/५०० आणि १/१००० मधला फरक कोणालाच ऐकू येत नाही. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेमचा पर्याय असतो. दार उघडून, मागं दिवा ठेवून शटरचा व्हिडिओ घ्या आणि किती फ्रेम उजेड दिसतो ते मोजा: १/३० ला आठ, १/६० ला चार. त्यापुढचं यानं मोजता येत नाही. त्यासाठी चाचणीचा रोल हवा.

तो असा काढा. ताजा ब्लॅक अँड व्हाइट रोल घ्या, दुकानदारानं वर फुकट दिलेला मुदत संपलेला नको. गच्चीवरच्या उन्हातल्या एका साध्या भिंतीचे फोटो घ्या: एफ/१६ ला १/२५०, एफ/११ ला १/५००, एफ/८ ला १/१०००. तिन्ही निगेटिव्ह सारख्याच गडद यायला हव्यात. १/१००० ची फ्रेम एका बाजूला विरळ होत गेली असेल तर दोन पडदे एका वेगानं पळत नाहीत, मागचा पुढच्याला गाठतोय. बारीक अ‍ॅपर्चरच्या फ्रेम जास्त गडद आणि उघड्या अ‍ॅपर्चरच्या बरोबर असतील तर लेन्सच्या पात्यांवर तेल आलंय, त्या वेळेत मिटत नाहीत. मग दोन फ्रेम टोपी घालून: लिव्हर ओढा, टोपी तशीच ठेवा, कॅमेरा दहा मिनिटं उन्हात सगळ्या बाजूंनी फिरवा, मग शटर मारा. त्या फ्रेम कोऱ्या काचेसारख्या यायला हव्यात. प्रत्येक फ्रेम वहीत लिहा, नाहीतर आठवत नाही. पहिल्या एक-दोन फ्रेम रोल भरताना जळतात, त्या धरू नका. रोल भरल्यावर लिव्हर ओढताना डावीकडची गुंडाळायची कळ फिरते का, तेही बघा. ती फिरत नसेल तर फिल्म अडकलेलीच नाही आणि अख्खा रोल कोरा येणार. घरी धुणार असाल तर डी-७६ या फिल्म धुवायच्या रसायनासाठी पाणी २० अंशांना हवं. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्याच्या किती तरी वर असतं, म्हणून बादलीत बर्फ घालून त्यात डबा ठेवतो.

बुरशीबद्दल वेगळं लिहावं लागेल इतकं पुण्यात ते प्रकरण मोठं आहे. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या केसमध्ये ठेवलेली लेन्स म्हणजे बुरशीला घर बांधून दिल्यासारखं. दुकानात लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून टॉर्च तिरका धरा, पुढून बघा. धुळीचे ठिपके चालतात, फोटोत दिसत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले तंतू दिसले तर ती बुरशी. दुधाळ पडदा दिसला तर फोटो फिका येणार. बुरशी कोटिंग खाते, पुसल्यावरही तिची नक्षी राहते, म्हणून "साफ करून देतो" या शब्दावर पूर्ण भाव देऊ नका. काच पिवळसर दिसली तर मात्र घाबरू नका: ताकुमार ५० एफ/१.४ सारख्या काही लेन्समध्ये थोरियमची काच असते, तिचा पिवळेपणा काही दिवस उन्हात ठेवल्यावर कमी होतो. घरी आणल्यावर चामड्याची केस बाजूला ठेवा आणि लेन्स हवाबंद डब्यात नारिंगी सिलिका जेलसोबत ठेवा. जेल हिरवं पडलं की ते स्वयंपाकात न वापरल्या जाणाऱ्या कढईत मंद आचेवर तापवून पुन्हा नारिंगी करा.

दुकानात काय बोलायचं, तेही सांगतो, कारण बरेच जण तिथं संकोचतात. "चालू आहे" या शब्दाचा अर्थ जुन्या मालाच्या बाजारात "लिव्हर ओढली की शटर उडतं" एवढाच धरा. दार उघडा, फोम दाबा, बॅटरीची खोबण उघडा, टॉर्च मारा. दहा मिनिटं लागतात आणि चांगला दुकानदार त्याला हरकत घेत नाही. मग सरळ विचारा: "काका, एक रोल काढून बघतो, दोष निघाला तर आठ दिवसांत परत घ्याल का?" हो म्हणाले तर बिलावर तारीख घालून तेवढं लिहून घ्या. नाही म्हणाले तर फोम, बॅटरी आणि कारागिराचा खर्च धरून भाव करा. जुन्या बाजारात परतीचा प्रश्नच नसतो, तिथं भावच तसा द्यायचा.

मी माझ्या दुकानदाराकडे तिन्ही रोलांच्या निगेटिव्ह घेऊन गेलो होतो. त्यानं त्या ट्यूबलाइटसमोर धरून बराच वेळ बघितल्या. पैसे परत दिले नाहीत, पण आतून एक ५८ मिलिमीटरची रोकोर लेन्स काढून निम्म्या भावात दिली आणि आता तो गिऱ्हाइकाला दार उघडून दाखवतो. फोम आणि बॅटरी बदलल्यावर चौथा रोल मी घरीच धुतला आणि बाथरूममध्ये दोरीला लावला. भोकांच्या रांगा दोन्ही बाजूंनी स्वच्छ होत्या. फक्त १/१००० ची फ्रेम उजवीकडे अजून थोडी विरळ आहे. कारागिराकडे दिवाळीनंतरची तारीख मिळालीय, तोवर १/५०० च्या पुढे जात नाही.